फ्लूची लस घ्यावी की नको? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लूच्या लशीचा विषय निघाला की माणसं सहसा ‘नको’ म्हणत नाहीत आणि ‘द्या’ही म्हणत नाहीत. ‘बघतो, घरी विचारतो’ म्हणतात आणि चप्पल पायात सरकवतात. त्या ‘बघतो’च्या पोटात जे प्रश्न असतात ते खाली दिले आहेत, विचारले जातात त्याच भाषेत. मी लशीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही ती जिथे कमी पडते ते झाकून ठेवलेलं नाही, कारण झाकलं की माणसं बरोबर तिथेच बोट ठेवतात.

फ्लू म्हणजे सर्दीच ना? एवढ्यासाठी सुई कशाला?

सर्दी पावलं वाजवत येते. आज घसा खवखवतो, उद्या नाक वाहतं, परवा आवाज बसतो. फ्लू थेट दार ढकलून आत येतो. रुग्णाला ‘कधीपासून बरं नाही?’ विचारलं तर सर्दीवाला ‘तीनचार दिवस झाले असतील’ म्हणतो. फ्लूवाला घड्याळातली वेळ सांगतो. चारला ठीक होतो, पाचला हुडहुडी भरली, सहाला पांघरुणातून हात बाहेर काढवेना. अंग मोडून येतं, डोळे नुसते फिरवले तरी दुखतात, कोरडा खोकला छाती पिंजून काढतो. ताप तीनचार दिवसांत उतरतो, पण खोकला आणि गळाठा दोन आठवडे पाठ सोडत नाही.

आपण या सगळ्याला ‘व्हायरल झालंय’ या एकाच शब्दात गुंडाळतो, तिथेच घोळ होतो. साधी सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या घरात आहेत. फ्लू मात्र इन्फ्लुएन्झा नावाच्या एकाच घराण्यातल्या विषाणूंमुळे होतो आणि लस फक्त त्यांच्यासाठी आहे.

बहुतेक लोक औषधाविना बरे होतात हेही खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे १०० कोटी लोकांना फ्लू होतो, त्यातले ३० ते ५० लाख गंभीर आजारी पडतात आणि श्वसनाच्या गुंतागुंतीने २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार जण दगावतात. हा हिशोब साथीच्या एखाद्या भयंकर वर्षाचा नाही, नेहमीच्या वर्षाचा आहे.

मागच्या वर्षी लस घेतली होती, तरी आजारी पडलो. मग उपयोग काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात रास्त प्रश्न, म्हणून जरा निवांत बोलू.

पहिली शंका ही की तो फ्लू होता का? तपासणी झाली नसेल तर सांगता येत नाही. वर म्हटलेल्या दोनशे विषाणूंपैकी कोणीही ताप आणू शकतो आणि त्यांच्याशी या लशीचं काही देणंघेणं नाही. दुसरी शंका, लस घेतल्यावर किती दिवसांनी आजारी पडलात? शरीराला प्रतिपिंडं तयार करायला साधारण दोन आठवडे लागतात. मधल्या काळात फ्लूने गाठलं तर लस असून नसल्यासारखी.

पण समजा तपासणी करून फ्लूच निघाला. तसंही होतं. ही गोवराच्या लशीसारखी भक्कम लस नाही. फिरत असलेला विषाणू आणि लशीतला विषाणू यांची गाठ चांगली जुळली तर फ्लूमुळे डॉक्टरांकडे जाण्याची वेळ येण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. गाठ जुळली नाही तर आकडा कोसळतो. अमेरिकेत २०१४-१५ च्या मोसमात तो १९ टक्क्यांवर आला होता.

५० टक्के म्हणजे नेमकं काय? समजा एका मोसमात लस न घेतलेल्या १०० जणांपैकी १० जणांना फ्लू होणार आहे. लस निम्मा धोका कमी करत असेल तर लस घेतलेल्या १०० जणांपैकी ५ जणांना होईल. म्हणजे २० जणांनी लस घेतली तेव्हा एकाचा फ्लू टळला. उरलेल्या १९ पैकी १८ जणांना तो तसाही झाला नसता आणि एकाला घेऊनही झाला. आता गंमत बघा. घेऊनही ज्याला झाला तो वर्षभर दहा जणांना सांगत सुटतो. ज्याचा टळला त्याला ते कधी कळतच नाही. त्यामुळे ऐकीव गोष्टींमध्ये ही लस कायम हरते.

एवढंच असतं तर धडधाकट माणसाने घेतली काय नि न घेतली काय, असंही मी म्हटलं असतं. पण लस घेऊनही फ्लू झालेली माणसं जेव्हा अभ्यासली जातात तेव्हा त्यांच्यात रुग्णालयात दाखल होण्याचं आणि अतिदक्षता विभागात पोचण्याचं प्रमाण कमी आढळतं. ताप आला, पण घरीच बरा झाला, हासुद्धा लशीचाच हिशोब आहे. तो आपण तिच्या खात्यावर मांडत नाही इतकंच.

दर वर्षी कशाला? एकदाच घेऊन संपवता येत नाही का?

नाही, आणि त्याला कारणं दोन आहेत. एक म्हणजे लशीने आलेलं संरक्षण काही महिन्यांत ओसरायला लागतं. दुसरं कारण विषाणूचं आहे. त्याच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिनं असतात. आपली प्रतिपिंडं त्यांनाच ओळखून पकडतात. विषाणू स्वतःच्या नकला काढताना सतत चुका करतो, त्या चुकांनी काट्यांचा आकार थोडा थोडा बदलत जातो आणि गेल्या वर्षीच्या प्रतिपिंडांना यंदाचा विषाणू अनोळखी वाटू लागतो. एच१एन१, एच३एन२ ही नावं त्या प्रथिनांवरूनच पडली आहेत. यातला एच३एन२ जास्त वेगाने बदलतो आणि म्हाताऱ्या माणसांना जास्त छळतो.

म्हणून जगभरातून नमुने गोळा करण्याचं काम बारा महिने चालू असतं. जागतिक आरोग्य संघटनेचं हे जाळं १९५२ पासूनचं आहे. वर्षातून दोनदा तज्ज्ञ बसतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, आणि पुढच्या मोसमाच्या लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवतात. मोसम सुरू व्हायला तेव्हा सहासात महिने असतात. इतक्या आधी का? तर बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवली जाते आणि कोट्यवधी डोस तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. मधल्या काळात विषाणूने वळण घेतलं की अंदाज चुकतो. कधी तर अंड्यात वाढताना विषाणू स्वतःच जरा बदलतो. पेशींमध्ये वाढवलेल्या किंवा फक्त ते प्रथिन प्रयोगशाळेत बनवून केलेल्या लशींना ही अडचण येत नाही, पण त्या सगळीकडे मिळत नाहीत.

या सगळ्यात एक विलक्षण गोष्ट घडून गेली. लशीत आधी चार विषाणू असायचे, दोन ‘ए’ गटातले आणि दोन ‘बी’ गटातले. त्यातला बी-यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही. कोविडच्या काळात माणसं घरात बसली, मास्क लावून फिरली आणि त्या साखळीचा धागा तुटला, असा तर्क आहे. त्यामुळे आता शिफारस पुन्हा तीन विषाणूंच्या लशीची आहे. खोक्यावर चारऐवजी तीन दिसले तर कोणी काटकसर केली असं समजू नका.

लशीतूनच फ्लू होतो म्हणतात.

दंडात टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. मारून तुकडे केलेला विषाणू असतो किंवा त्याचं नुसतं प्रथिन. त्यातून फ्लू होणं शक्य नाही.

मग ‘लस घेतली आणि दुसऱ्याच दिवशी झोपलो’ असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. काहींना एखादा दिवस कणकण येते, डोकं दुखतं, अंग दुखतं. शरीर तालीम करत असल्याची ती खूण आहे. दुसरं म्हणजे लस द्यायचा काळ आणि सर्दीखोकल्याचा काळ एकच. त्या आठवड्यात हजारोंना सर्दी होणारच असते, त्यातल्या काहींनी नेमकी आदल्या दिवशी लस घेतलेली असते. प्रौढांवर असेही प्रयोग झाले की निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं, कोणाला काय मिळालं हे कोणालाच सांगितलं नाही. ताप, अंगदुखी, खोकला दोन्ही गटांत सारखेच निघाले. फरक पडला तो फक्त दंड दुखण्यात.

मी धडधाकट आहे. जिमला जातो, वर्षानुवर्षं तापसुद्धा आला नाही. मला कशाला?

तुम्हाला गंभीर आजार होण्याचा धोका कमी आहे, हे मान्य. शून्य नाही, १९१८ च्या साथीत तर ऐन विशी-तिशीतली माणसंच जास्त गेली होती. पण ती साथ निराळी होती आणि तिची भीती घालून मी तुम्हाला लस विकणार नाही.

तुम्हाला माझा प्रतिप्रश्न वेगळा आहे. तुमच्या घरात कोण आहे? फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच विषाणू पसरवायला लागतो आणि पुढे पाचसात दिवस पसरवत राहतो. म्हणजे तुम्ही ठणठणीत असल्यासारखे वाटत असताना बाळाला उचलून घेतलेलं असतं, केमोथेरपी चालू असलेल्या बहिणीशेजारी बसलेले असता, वडिलांची औषधाची पेटी भरून दिलेली असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांनी घेतली तरी ती पुरती लागू पडेलच असं नाही. या लोकांभोवती कुंपण घालायचं तर ते घरातल्या धडधाकट माणसांचंच घालावं लागतं.

घरात असं कोणी नसेल, तुम्ही तिशीचे असाल आणि चार दिवस आडवं पडायची तयारी असेल, तर लस न घेणं हा काही गुन्हा नाही. माझ्या मते तरीही घेतलेली बरी.

मग कोणी टाळाटाळ करूच नये?

जागतिक आरोग्य संघटना ज्यांना पुढे ठेवते ते असे: गरोदर स्त्रिया, सहा महिने ते पाच वर्षांची मुलं, वयस्कर माणसं, जुनाट आजार असलेले आणि रुग्णांच्या संपर्कात काम करणारे.

जुनाट आजार म्हटलं की लोक आपल्याला सोडून बाकीच्यांचा विचार करतात. ‘मला तसं काही नाही, फक्त शुगर आहे’ हे वाक्य तर रोजचं. शुगर म्हणजे मधुमेह आणि तो या यादीत आहे. दमा, फुप्फुसाचे इतर जुने विकार, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे आजार, कर्करोग, एचआयव्ही, रोज स्टिरॉइड घ्यावं लागणं, अतिलठ्ठपणा, सगळं त्यात आलं. या माणसांमध्ये फ्लू काट्याचा नायटा करतो: मधुमेहीची साखर उधळते, दम्याचा झटका येतो, विषाणूने सोलवटलेल्या श्वासनलिकांमधून जिवाणू आत उतरून न्यूमोनिया होतो.

हृदयाचा आणि फ्लूचा काय संबंध?

बराच. कॅनडात ऑन्टारियो प्रांतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासणीने खात्री झालेल्या फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या मानाने सहापट आढळलं. शरीरात दाह भडकतो, रक्त गोठण्याकडे झुकतं, नाडी धावते, प्राणवायू कमी पडतो. आधीच चिंचोळ्या झालेल्या रक्तवाहिनीला एवढं पुरतं. नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णांना रुग्णालयातच फ्लूची लस दिली तर पुढच्या वर्षभरातले मृत्यू कमी होतात, असंही चाचण्यांत दिसलं आहे. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या न चुकता घेणारा माणूस ही लस मात्र ‘फालतू’ म्हणून सोडतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

गरोदरपणात लस? बाळाला काही झालं तर?

गरोदरपणात हृदय आणि फुप्फुसं आधीच जास्तीचं काम करत असतात, पोट वर सरकून श्वासाला जागा कमी पडते आणि प्रतिकारशक्तीचा नूरही बदललेला असतो. त्यामुळे साधा फ्लू आईला जड जातो आणि तीव्र ताप बाळालाही चांगला नाही. दंडात टोचायची लस कोणत्याही महिन्यात चालते. अनेक वर्षांपासून लाखो गरोदर स्त्रियांनी ती घेतली आहे.

यात मला सगळ्यात पटणारी बाब पुढची आहे. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, जेव्हा बाळाला स्वतःची लस देता येत नाही, तेव्हा ही उसनी प्रतिपिंडंच त्याला सांभाळतात. एका सुईत दोघांचं काम होतं.

मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर ‘इन्फ्लुएन्झा’ लिहिलंय. म्हणजे झालीच ना ती?

थांबा, कार्ड नीट बघा. तिथे बहुधा ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी’, म्हणजे ‘हिब’ लिहिलेलं असेल. तो एक जिवाणू आहे, मुलांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा. १८९२ मध्ये तो सापडला तेव्हा फ्लू यानेच होतो अशी समजूत होती आणि त्यावरून त्याला हे नाव चिकटलं. फ्लूचा खरा विषाणू माणसात सापडला १९३३ मध्ये. चूक दुरुस्त झाली, नाव राहिलं, आणि आजही आईवडील कार्डावर बोट ठेवून ‘ही बघा, झालीय’ म्हणतात. हिबची लस झालेली असणं उत्तमच, पण ती फ्लूची नव्हे.

फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते. मूल आठनऊ वर्षांखालचं असेल आणि आयुष्यात पहिल्यांदाच घेत असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. त्याच्या शरीराने हा विषाणू कधी पाहिलेलाच नसतो. पहिला डोस ओळख करून देतो, दुसरा ती पक्की करतो. पुढच्या वर्षापासून एकच. दुसरा डोस विसरणारी घरं बरीच असतात, तेव्हा पहिल्याच दिवशी तारीख ठरवून निघा.

आईबाबा पंचाहत्तरीचे आहेत. या वयात लस झेपेल का?

झेपते. प्रश्न उलटा आहे: या वयात साधी लस पुरेल का? वय वाढतं तशी प्रतिकारशक्ती मंदावते आणि त्याच डोसला कमी दाद देते. म्हणून ६५ च्या पुढच्यांसाठी काही देशांत जास्त मात्रेची लस मिळते. तिच्यात दर विषाणूमागे १५ ऐवजी ६० मायक्रोग्रॅम प्रथिन असतं. प्रतिसाद वाढवणारा पदार्थ मिसळलेली लसही असते. मिळत असेल तर ती मागा. मिळत नसेल तर ती मिळेपर्यंत थांबू नका, नेहमीची घ्या.

अंड्याची ॲलर्जी आहे. चालेल का?

चालेल. लशीत अंड्याचा अंश नगण्य असतो. पूर्वी फार जपून देत, आता अनेक देशांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वेगळी खबरदारीही सांगितलेली नाही. टोचणाऱ्याच्या कानावर मात्र घाला.

या लशीने लकवा होतो असं वाचलं.

तुम्ही वाचलंय ते बहुधा गुलियन-बॅरे सिंड्रोमबद्दल, म्हणजे जीबीएसबद्दल. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, पायांतून अशक्तपणा वर चढत जातो. बहुतेक जण बरे होतात, पण वेळ लागतो आणि आजार गंभीर आहे. ही भीती हवेतून आलेली नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर सुमारे दर एक लाख लोकांमागे एक जादा रुग्ण आढळला आणि ती मोहीम थांबवावी लागली. त्यानंतर दर मोसमाच्या लशीवर या बाबतीत बारीक नजर ठेवली जाते. जिथे काही वाढ दिसली तिथे ती दर दहा लाख डोसमागे एकदोन रुग्ण इतकी आहे. आणि खुद्द फ्लू झाल्यानंतर जीबीएस होण्याचा धोका लशीनंतरच्या धोक्याहून जास्त असतो.

युरोपात २००९ च्या साथीत वापरलेल्या एका लशीनंतर काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे अवेळी अनावर झोप येण्याचा विकार झाला, हेही खरं आहे. ती त्या साथीपुरती बनवलेली लस होती, दर वर्षीची नव्हे. पूर्वी फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुन्हा घेऊ नका.

आणि लशीतला पारा?

अनेक डोसांच्या एकाच बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून थायमेरोसाल हे परिरक्षक घालतात, त्यात इथाइल पारा असतो. माशांत साठणारा मिथाइल पारा वेगळा. इथाइल पारा शरीरातून लवकर बाहेर पडतो आणि लशीतल्या मात्रेने अपाय झाल्याचं संशोधनात आढळलेलं नाही. तरीही मनाला पटत नसेल तर एकेका डोसच्या भरलेल्या सिरिंजमध्ये तो नसतो.

कोणी घेऊच नये?

सहा महिन्यांखालची बाळं आणि आधीच्या फ्लूच्या लशीने किंवा तिच्यातल्या एखाद्या घटकाने जिवावर बेतणारी ॲलर्जी झालेले लोक. अशी तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसमागे एखाददुसऱ्यालाच होते. ती बहुधा काही मिनिटांतच समजते, म्हणूनच टोचल्यावर पंधरा मिनिटं बसायला सांगतात.

आज जरा सर्दी आहे. घेऊ का?

घ्या. चांगला ताप भरला असेल तर उतरल्यावर या.

कधी घ्यावी?

तुमच्या भागात फ्लू जोर धरतो त्याच्या निदान दोन आठवडे आधी. थंड प्रदेशांत तो हिवाळ्यात येतो, विषुववृत्ताजवळ पावसाबरोबर येतो किंवा वर्षभर रेंगाळतो, आणि दोन गोलार्धांचे हिवाळे उलटसुलट असतात. त्यामुळे लांबच्या नातेवाइकाने फोनवर सांगितलेला महिना तुम्हाला लागू होईलच असं नाही. फार आधी घेतली तर ऐन मोसमात जोर ओसरतो, विशेषतः म्हाताऱ्यांमध्ये. साथ घरोघर पोचल्यावर घेणं म्हणजे वरातीमागून घोडं, तरी मोसम संपला नसेल तर तेही घोडं कामाचं असतं.

एक करा: खोकं हातात मागून घ्या. त्यावर लस कोणत्या वर्षाची, कोणत्या गोलार्धाची हे छापलेलं असतं आणि वापराची शेवटची तारीखही. लस थंडच हवी, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. गोठलेली लस फेकून द्यायची असते. विचारायला लाजू नका, नीट काम करणाऱ्याला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

सुईची भीती वाटते.

अनेकांना वाटते, मोठमोठ्या बाप्यांनासुद्धा. प्रत्यक्षात होतं ते एवढंच: अर्धा मिलिलिटर द्रव, म्हणजे दहाबारा थेंब, दंडाच्या वरच्या मांसल भागात जातो. दोनतीन सेकंदांचं काम. दंड आवळून धरला तर जास्त दुखतं. म्हणून बाही खांद्यापर्यंत वर करा, हात मांडीवर सैल सोडा आणि दुसरीकडे बघा. घेरी यायची सवय असेल तर आधीच सांगा, आडवं करून देतात. रोज ज्या कुशीवर झोपता त्याच्या दुसऱ्या बाजूचा दंड पुढे करा, रात्री बरं पडतं. दिवसभरात हात हलवत राहिलात तर दुखणं लवकर जातं.

काही ठिकाणी नाकात फवारायची लसही मिळते. तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. ती २ ते ४९ वर्षं वयाच्या निरोगी लोकांसाठी आहे. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती देत नाहीत.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत.

आधी सांगा. बारीक सुई वापरतात आणि नंतर दोनतीन मिनिटं न चोळता दाबून धरायला लावतात.

पथ्य काय?

काही नाही. आंघोळ करा, जेवा, कामाला जा.

कोविडची लसही घ्यायची आहे. अंतर ठेवू?

गरज नाही, एकाच दिवशी दोन दंडांत घेता येतात.

फ्लू झालाच तर औषध आहे ना? मग लस कशाला?

ऑसेल्टॅमिविर नावाचं औषध आहे. ते लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर चांगलं लागू पडतं. आता स्वतःला आठवा: ताप आल्यावर पहिले दोन दिवस आपण काय करतो? पॅरासिटामॉल घेतो आणि ‘उद्या बघू’ म्हणतो. ज्यांना फ्लू जड जातो त्यांनी हा ‘उद्या’ काढू नये. अँटिबायोटिकने फ्लूचा विषाणू मरत नाही. जिवाणूंचा न्यूमोनिया वर चढला तर गोष्ट निराळी.

गेल्याच महिन्यात फ्लू होऊन गेला. आता कशाला?

एका प्रकारचा होऊन गेला, लशीतले बाकीचे दोन अजून बाहेर आहेत. बरं वाटलं की घ्या.

विचार करून न घ्यायचं ठरवलंय. निदान काय पाळू?

ठीक. ताप असेपर्यंत घरी राहा आणि औषधाशिवाय ताप उतरून २४ तास झाले की मगच चारचौघांत जा. हात धुवा, घरात जपायचं माणूस असेल तर खोकला असेपर्यंत मास्क लावा. आणि ही लक्षणं दिसली तर लस घेतली होती की नव्हती याचा विचार न करता रुग्णालय गाठा: धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, बरळणं किंवा गुंगी, लघवी कमी होणं, मुलाने दूध-पाणी सोडणं, बरगड्या आत ओढल्या जाणं. बरं वाटायला लागून पुन्हा ताप आणि खोकला उलटला तर तेही साधं समजू नका, न्यूमोनिया बऱ्याचदा असाच येतो.

घेतल्याची नोंद ठेवावी का?

ठेवा. सिरिंजच्या खोक्यावरचं लशीचं नाव आणि बॅच क्रमांक, तारीख, कोणता दंड. मोबाइलमध्ये खोक्याचा फोटो काढला तरी पुरे. पुढच्या वर्षी ‘मागची कधी घेतली होती?’ या प्रश्नावर सगळं घर छताकडे बघतं, ते टळेल.